घरचा सर्व्हर : डिस्क जाणारच, मग घ्यावी कोणती?

अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक घरांत एक खोका असतो. कोणाकडे गराजमध्ये, कोणाकडे बेसमेंटमध्ये, कोणाकडे कपड्यांच्या कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर. त्यात मुंबईहून आणलेले आल्बम असतात, मेहंदीच्या आणि लग्नाच्या व्हीएचएस टेपा असतात, कीर्तनाच्या कॅसेटी असतात, कोकणातल्या घराजमिनीचे कागद असतात. हल्ली त्यात एकदोन जुन्या हार्ड डिस्काही सापडतात, आणि त्यांच्यात काय भरले आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही. हे सगळे संगणकावर चढवावे, घरातच एका लहानशा सर्व्हरवर ठेवावे, म्हणजे न्यू जर्सीतल्या मुलाला, अश्दोदच्या आत्याला आणि ठाण्याच्या मामांना ते एकाच ठिकाणी पाहता येईल, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात घोळतो आहे. मग आम्हाला विचारणा होते ती एवढीच: "डिस्क कुठली चांगली, तेवढं सांगा!"

सर्व्हर या शब्दाने दबून जाऊ नये. चोवीस तास चालू राहणारा, पडदा आणि कीबोर्ड नसलेला साधा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. आणि डिस्कविषयी म्हणाल तर उत्तर आधीच सांगून टाकतो. कधीच बिघडणार नाही अशी डिस्क कोणी बनवलेली नाही. ती एक दिवस जाणार असे धरूनच सगळी खरेदी करायची. डिस्क गेली तरी आत ठेवलेले जाता कामा नये.

आपला हा खोका पुष्कळ प्रवास करून आला आहे. अलिबाग-रेवदंड्याकडून मुंबईला, मुंबईहून इस्राएलला नाहीतर इकडे. प्रत्येक मुक्कामाला थोडेथोडे गळाले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, आणि तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. मधली चाळीस वर्षे ते लिखाण सांभाळले गेले म्हणून आज ते आपल्याला वाचायला मिळते. कागद चाळीस वर्षे पेटीत पडून राहिला, थोडा पिवळा पडला, तरी उघडून वाचता येतो. हार्ड डिस्क चाळीस वर्षे पेटीत ठेवली तर ती फिरेल याची खात्री कोणीच देणार नाही, आणि फिरली तरी ती जोडायची वायर तेव्हा मिळायला हवी.

आमच्या ओळखीच्या एका घरात वडिलांच्या आवाजाची एकच प्रत होती, बाहेरून लावायच्या एका डिस्कवर. कॅसेट चढवून झाल्यावर टाकून दिलेली. डिस्क टेबलावरून खाली पडली आणि टकटक वाजू लागली. आतला मजकूर परत काढून देणाऱ्या दुकानाने चार आकडी डॉलरचा आकडा सांगितला, आणि तोही "प्रयत्न करू" या बोलीवर. त्या घरात तो आवाज आज नाही. म्हणून पहिली विनंती: चढवून झाले तरी मूळ कॅसेट फेकू नये.

"गूगलवर टाकून द्या की," असे तरुण मंडळी म्हणतात. जरूर टाकावे, पण आणखी एक प्रत म्हणून. गूगल फोटोजवर कितीही फोटो फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या मजकुरासकट काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या मे महिन्यात जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू झाले. कंपनीच्या जागी बसून पाहिले तर त्यात वावगे काही नाही. पण आजी गेल्यावर तिचे खाते दोन वर्षांत कोण उघडतो? पासवर्ड तर तिच्याबरोबरच गेलेला असतो.

आता जागा किती लागते ते पाहू, कारण इथेच लोक उगाच जास्त पैसे घालवतात. दुकानात गेले की वीस टेराबाइटच्या डिस्का मांडलेल्या दिसतात, आणि आपल्याला वाटते, घ्यावी मोठीच. हिशेब करा. एक तासाची कॅसेट काहीही न दाबता, सीडीच्या दर्जाने चढवली तर सुमारे ६०० मेगाबाइट होते. शंभर कॅसेटी म्हणजे ६० गिगाबाइट. पोस्टकार्डाएवढा फोटो, म्हणजे चार बाय सहा इंचांचा, ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केला तर सुमारे २६ मेगाबाइट. असे दोन हजार फोटो धरले तर ५२ गिगाबाइट. जड असतात त्या व्हिडिओ टेपा. जुन्या डीव्ही पद्धतीने तासाला १३ गिगाबाइट लागतात, तेव्हा दोन तासांच्या वीस टेपा म्हणजे ५२० गिगाबाइट. सगळ्याची बेरीज साडेसहाशेच्या आत. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या एका टेराबाइटमध्ये मावतात! मोबाइलवर काढलेले नवे फोटो धरून चार टेराबाइट पुष्कळ झाले. वीस टेराबाइटच्या एका डिस्कचे पैसे चार-चार टेराबाइटच्या दोन-तीन डिस्कांवर घालावेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

डिस्का किती टिकतात याविषयी कंपन्यांच्या कागदावर दहा लाख तास, पंधरा लाख तास असे आकडे छापलेले असतात. दहा लाख तास म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, हे कोणालाही बोटावर मोजता येईल. हा आकडा एका डिस्कच्या आयुष्याचा नसतो. पुष्कळ डिस्का एकदम चालवल्या तर त्यांतल्या किती बिघडतील याचा तो अंदाज असतो, आणि त्या हिशेबाने वर्षाला शंभरातली एकसुद्धा जायला नको. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात वर्षाला शंभरातल्या दोन ते चार डिस्का बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी तेरापर्यंत. त्याच वर्षी गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट घरच्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिस्क स्वतःची तब्येत मोजून सांगते, त्या सोयीला स्मार्ट म्हणतात. तपासणीत वाचता न येणारी पहिली जागा सापडली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता धडधाकट डिस्कपेक्षा ३९ पट वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे इशारा मिळाला की त्याच आठवड्यात नवी डिस्क आणावी, "बघू, चालतेय तोवर चालू दे" असे करू नये. पण बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी असा ठळक इशारा दिलाच नव्हता. तब्येत ठीक आहे असे सांगता सांगता त्या गेल्या. याच अभ्यासात थोड्या कोमट डिस्का लवकर जातात असेही दिसले नाही, तेव्हा पंख्यांवर फार खर्च करू नये.

कोणती कंपनी चांगली, यावर दिवाणखान्यात वाद घालणारे पुष्कळ भेटतात. खरे म्हणजे आता फिरणाऱ्या डिस्का बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटकडे गेला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. कंपनीपेक्षा मॉडेलकडे पाहावे, हे आम्ही बॅकब्लेझच्या आकड्यांवरून म्हणतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मातेओची ही कंपनी लोकांच्या संगणकांच्या प्रती भाड्याने सांभाळते आणि २०१३ पासून आपल्या डिस्कांच्या बिघाडाचे आकडे मॉडेलवार फुकट जाहीर करते. तिच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्का आहेत. २०२३ मध्ये शंभरातल्या १.४०, २०२४ मध्ये १.५७ इतक्या बिघडल्या. हा झाला सरासरीचा आकडा. पण त्याच कंपनीने २०१२ मध्ये सीगेटच्या तीन टेराबाइटच्या एका मॉडेलच्या चार हजारांवर डिस्का लावल्या होत्या, आणि २०१५ च्या मार्चपर्यंत त्यांतल्या अगदी थोड्या शिल्लक राहिल्या. त्याच काळातल्या हिताचीच्या तीन टेराबाइटच्या डिस्का मात्र छान चालत होत्या. आणि सीगेटचीच पुढची चार टेराबाइटची डिस्क बरी निघाली! तेव्हा 'अमुक कंपनी वाईट' असे म्हणण्यात अर्थ नाही. घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा आकडा पाहावा, आणि दोन डिस्का घेताना एकाच दुकानातून एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या जुळ्या आणू नयेत. एक या कंपनीची, एक त्या कंपनीची असावी. एकाच भट्टीतल्या विटा एकाच वेळी फुटतात.

बॅकब्लेझची आणखी एक हकिकत सांगण्याजोगी आहे. २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये महापूर आला, डिस्कांचे कारखाने पाण्याखाली गेले आणि अमेरिकेत डिस्कांचे भाव कडाडले. दुकानांनी 'माणशी दोन' अशी रेशनिंगची पद्धत लावली. तेव्हा या कंपनीची माणसे, त्यांचे नातेवाईक नि मित्रमंडळी कॉस्टको आणि बेस्ट बायच्या दुकानांतून फिरली, बाहेरून लावायच्या डिस्का उचलून आणल्या आणि वरचे प्लास्टिकचे कवच फोडून आतली डिस्क काढून घेतली. आजही काही शौकीन असे करतात, कारण कधीकधी कवचातली डिस्क नुसत्या डिस्कपेक्षा स्वस्त पडते. पण तिची वॉरंटी कमी वर्षांची असते आणि आत नेमके कोणते मॉडेल निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. ज्याला दोन डिस्का घ्यायच्या आहेत त्याने या भानगडीत पडू नये. सरळ नॅससाठी म्हणून विकली जाणारी, तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीची डिस्क घ्यावी. नॅस म्हणजे घरच्या जाळ्यावर लावायचे साठवणीचे यंत्र.

डिस्क घेताना एक शब्द मात्र विचारायलाच हवा, तो म्हणजे सीएमआर की एसएमआर. कोकणातले कौलारू घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. एसएमआर डिस्कवर लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात, छपरावरच्या कौलांसारखे. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावते. पण मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावर टेकलेली कौलेही उचलावी लागतात, तसे या डिस्कवर मधला एक भाग बदलायचा तर शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवून दिली तर ती ठीक चालते. पण सर्व्हरमध्ये एक डिस्क गेल्यावर नवी घालून सगळा मजकूर तिच्यावर पुन्हा उतरवायची वेळ आली की ती रखडते, कधी मध्येच अडून बसते. २०२० च्या एप्रिलमध्ये उघडकीस आले की वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' या नॅससाठीच्या मालिकेत दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्का खोक्यावर तसे न लिहिता एसएमआर निघत होत्या. बराच गदारोळ झाला, दावे झाले, आणि मग कंपनीने सीएमआर डिस्कांना 'रेड प्लस' असे वेगळे नाव दिले. आपण सीएमआरच घ्यावी.

नवी म्हणून घेतलेली डिस्क नवीच आहे ना, हेही आता पाहावे लागते. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचे प्रकरण जर्मनीतून बाहेर आले. तासांचा काटा शून्यावर आणून ठेवलेला होता, गाडीचा मीटर मागे फिरवतात तसा. म्हणून कोणातरी तिसऱ्याच विक्रेत्याकडून फार स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. न्यू यॉर्कच्या मंडळींना नवव्या अव्हेन्यूवरचे बी अँड एच माहीत आहेच. शब्बाथला दुकान तर बंद असतेच, पण त्यांच्या संकेतस्थळावरही त्या वेळात पैसे भरता येत नाहीत. तिथे शुक्रवारी दुपारनंतर खरेदी काढू नये, एवढेच.

एसएसडी घ्यावी का, असे विचारतात. सर्व्हरची स्वतःची प्रणाली ठेवायला लहानशी एसएसडी उत्तम. पण वर्षानुवर्षे ठेवायच्या गोष्टींसाठी फिरणारी डिस्कच बरी. एसएसडीतला मजकूर विजेच्या भाराच्या रूपाने असतो, आणि ती पुष्कळ काळ वीज न लावता कपाटात पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपून जातो. पेनड्राइव्हचेही तेच. दोव मोरान यांच्या एम-सिस्टम्स या इस्राएली कंपनीने २००० साली पेनड्राइव्ह बाजारात आणला याचा आपल्याला कितीही अभिमान असला तरी लग्नाचा एकुलता एक व्हिडिओ पेनड्राइव्हवर ठेवू नये!

दोन डिस्का आणल्या की त्या आरशासारख्या लावायच्या, एकीवर जे लिहिले जाईल ते दुसरीवरही लिहिले जाते. एक गेली तर दुसरी काम चालू ठेवते. या आणि अशा मांडण्यांना रेड म्हणतात. हा रेड वेगळा, वरच्या 'रेड' मालिकेशी त्याचा संबंध नाही. बर्कलीच्या तिघा संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून हे नाव रूढ झाले. त्यातल्या एका अक्षराचा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. महाग आणि न बिघडणारी एक डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त, बिघडणाऱ्या अनेक डिस्का एकत्र लावाव्यात, असा तो विचार. पुढे विक्रेत्यांनी 'स्वस्त' बदलून 'स्वतंत्र' केले, ते कशासाठी हे सांगायला नको. चार-पाच डिस्कांच्या मोठ्या मांडण्यांच्या नादी घरी लागू नये. आरशाचा फायदा असा की सर्व्हर जळाला तरी दोन्हींतली कोणतीही एक डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून वाचता येते.

मात्र आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे. नातवाने चुकून फोल्डर पुसला तर आरशातही तो त्याच क्षणी पुसला जातो. आणखी एक धोका असा की डिस्क धडधाकट असूनही एखादे अक्षर गुपचूप बदलते आणि कोणाला पत्ता लागत नाही. सेफेर तोरा लिहिणारा सोफेर अक्षर न् अक्षर तपासतो, कारण एक अक्षर चुकले तरी ती गुंडाळी वाचायला चालत नाही. तशी तपासणी करणाऱ्या फाइल व्यवस्था आता फुकट मिळतात. सन मायक्रोसिस्टम्सने बनवलेली झेडएफएस ही त्यांतली नामांकित. ती प्रत्येक तुकड्यासोबत त्याची बेरीज लिहून ठेवते, वाचताना ताडून पाहते, आणि चूक सापडली तर आरशातल्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते. महिन्यातून एकदा सगळी डिस्क अशी तपासून घ्यायची सोय तिच्यात आहे, ती चालू करावी. मेमरीतल्या चुका पकडणारी ईसीसी मेमरी असली तर चांगलेच. पण ज्याच्याकडे दूरची प्रत अजून नाही त्याने आधी त्या प्रतीवर पैसे घालावेत, ईसीसीवर नंतर.

यंत्र कोणते? इथे आम्ही थोडे जुन्या मताचे आहोत. कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून काढलेले डेल, एचपी किंवा लेनोव्होचे साधे टॉवर सर्व्हरसाठी फार चांगले. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ न पेलणारे असंख्य धडधाकट संगणक बाजूला पडले. त्यांच्यावर लिनक्स उत्तम चालते. शिवाय २०२५ च्या अखेरीस नव्या मेमरीचे भाव एकदम वाढले, तेव्हा आत मेमरी असलेले जुने यंत्र घेणे शहाणपणाचे. फक्त पुस्तकाएवढे छोटे मॉडेल घेऊ नये. त्यात साडेतीन इंचांच्या दोन डिस्का बसत नाहीत, आणि त्या बाहेर यूएसबीवर लोंबकळत ठेवल्या की वायर जरा हलली तरी जोडणी तुटते.

तयार नॅस खोके, सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे, ज्यांना खटपट नको त्यांना सोयीचे पडतात. पण त्यात आपण कंपनीच्या मर्जीवर राहतो. सिनॉलॉजीने २०२५ च्या काही मॉडेलांत आपल्याच मान्यतेच्या डिस्का हव्यात अशी अट घातली. गिऱ्हाईक रागावले तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली. वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह नावाचे खोके २०१५ नंतर सुधारणा न मिळता लोकांच्या घरी चालू राहिले, आणि २०२१ च्या जूनमध्ये जगभर अनेकांच्या खोक्यांतला मजकूर इंटरनेटवरून कोणीतरी पुसून टाकला. २०२२ च्या जानेवारीत क्यूनॅपच्या खोक्यांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. यावरून एवढेच घ्यायचे की घरचा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. बाहेरच्या नातेवाइकांसाठी व्हीपीएनची खासगी वाट ठेवावी, आणि कंपनीकडून सुधारणा येणे थांबले की ते यंत्र इंटरनेटवरून काढावे.

विजेचा खर्चही मोजावा. एक वॉट वर्षभर चालला की पावणेनऊ युनिट होतात. वर सांगितलेले टॉवर दोन डिस्कांसह ३० वॉटच्या आसपास खाते, म्हणजे वर्षाला सुमारे २६३ युनिट. अमेरिकेत घरगुती वीज २०२४ मध्ये सरासरी साडेसोळा सेंटच्या आसपास होती, त्या भावाने ४३ डॉलर झाले. मुलाचा जुना खेळांचा संगणक १०० वॉट खात असेल तर तोच आकडा १४५ डॉलरच्या घरात जातो, आणि कॅलिफोर्नियात जवळजवळ दुप्पट. फुकट मिळालेले यंत्र असे महाग पडते. सोबत एक लहान यूपीएस हवाच. त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडावी, म्हणजे वीज गेल्यावर तो आपोआप नीट बंद होतो. यूपीएसची बॅटरी तीन ते पाच वर्षांत मरते, हे बहुतेकांना वीज गेल्यावरच कळते.

सर्व्हर ठेवायचा कुठे? इथली मंडळी सरळ बेसमेंट म्हणतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने आणि १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडाच्या पावसाने न्यू यॉर्क-न्यू जर्सीतली किती बेसमेंटे भरली ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. सर्व्हर वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच ठेवावा. पण आगीपुढे मजल्याचे काही चालत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या ईटन वणव्यात पासाडीनाचे ज्यू टेंपल जळून गेले. तिथल्या सेफेर तोरा वाचल्या, कारण लोकांनी त्या वेळेवर उचलून बाहेर नेल्या. आपल्या घरी मध्यरात्री निघायची वेळ आली तर सर्व्हर कोण उचलणार?

म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हा नियम सोप्या आकड्यांत लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्या समाजाला तर हे किती सोपे! कोणाची बहीण हैफाला, कोणाचा भाऊ ठाण्याला, कोणाची मुलगी अटलांटाला. दोन घरांनी एकमेकांची एकेक डिस्क सांभाळायची. पहिली प्रत मात्र इंटरनेटवरून पाठवत बसू नये. इथे केबलच्या इंटरनेटचा वर चढवण्याचा वेग बहुधा कमी असतो. २० मेगाबिटच्या वेगाने दोन टेराबाइट पाठवायला नऊ दिवसांहून अधिक लागतात. डिस्क भरून, सांकेतिक कुलूप लावून, कोणी जाणारे असेल त्याच्या हातच्या बॅगेत द्यावी. सामानाच्या बॅगेत नको. पुढे महिन्याला जी थोडी भर पडेल ती इंटरनेटवरून जाऊ द्यावी. तिकडे २३० व्होल्ट वीज असते, म्हणून बाहेरच्या डिस्कसोबतच्या वीजजोडणीवर १००-२४० असे छापलेले आहे ना ते पाहून घ्यावे. आणि कुलपाची किल्ली, म्हणजे तो लांबलचक पासवर्ड, कागदावर लिहून दोन घरांत ठेवावा. तो फक्त सर्व्हरवरच ठेवला तर सर्व्हरबरोबर तोही जाईल.

एक अडचण खास आपली मराठी माणसांची आहे. नव्वदच्या दशकात आणि पुढे २००० नंतरही आपण मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत टाइप करत होतो. वंशावळी, समाजाच्या पत्रिका, कीर्तनांचे शब्द, सगळे त्यात. त्या फाइली आज नव्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरे नि चिन्हांची खिचडी दिसते, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. डिस्क शाबूत, फाइल शाबूत, तरी मजकूर हरवलेला! ज्यांच्या जुन्या संगणकावर ते फाँट अजून आहेत त्यांनी या फाइलींच्या पीडीएफ काढून मूळ फाइलीसोबत ठेवाव्यात, आणि जमल्यास युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. फोल्डरांची नावे मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही द्यावीत, कारण इथल्या बऱ्याच नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. फोटोत कोण आहे हे सांगणारी मावशी अजून आहे तोवर तिला विचारून नावे लिहून घ्यावीत. हे काम कोणतीही डिस्क करणार नाही.

सगळे लावून झाले की एक परीक्षा घ्यावी. वर्षातून एकदा, सणाच्या सुट्टीत म्हणा, दूरची डिस्क एका वेगळ्या संगणकाला लावायची आणि त्यातले एक लग्न, एक कॅसेट आणि एक कागद उघडून दाखवायचे. ज्याने सर्व्हर लावला त्याने त्या वेळी हात लावायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कागदावरच्या सूचना वाचून हे करायचे. जिथे अडेल तिथे सूचना सुधारायच्या, खाली तारीख घालायची आणि कागद पुन्हा दोन्ही घरी पाठवायचा.